आधी गुडघे, मग जहाज

सुट्टी संपून कॉलेज सुरू झाले, की कोण कुठे जाऊन आले याची चर्चा स्टाफरूममध्ये चार दिवस चालते. पूर्वी त्यात गोकर्ण-मुर्डेश्वर असायचे, अष्टविनायक असायचे, फार झाले तर केरळ. गेल्या काही वर्षांत ‘क्रूझ’ हा शब्द त्या यादीत येऊन बसला आहे. मी घरच्या मंडळींना घेऊन एकदा जाऊन आले, तेव्हापासून कोणी ना कोणी विचारतेच. प्रश्नही ठरलेले. किती पडले? उलट्या होतात का? शाकाहारी मिळते का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे येतीलच. पण जो प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा, तो अजून कोणी विचारलेला नाही. बरोबर कोण कोण येणार, आणि त्यांच्यातले सर्वांत हळू चालणारे माणूस कोण?

आमच्याबरोबर दोघी होत्या. माझी आई शहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. सासूबाई धारवाडच्या, बहात्तरच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू. मुले एकीला आजी म्हणतात, दुसरीला अज्जी. आपल्याकडच्या सहली कशा होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पाच दिवसांत नऊ ठिकाणे, रोज सकाळी सहाला बॅगा बांधायच्या, आणि प्रत्येक ठिकाणी पायऱ्या आल्या, की म्हातारी माणसे म्हणतात, “तुम्ही जाऊन या, आम्ही गाडीतच बसतो.” फोटोत सगळे असतात, ती दोघे नसतात. जहाजाची सहल मला पटली ती या एका कारणासाठी. एकदा खोलीत सामान लावले, की ते शेवटच्या दिवशीच काढायचे. रोज तोच पलंग, तेच जवळचे बाथरूम, आणि गाव बदलत राहते आपण न हलता. झगमगाट, पोहण्याचा तलाव, नाचगाणी हे सगळे आहेच, पण तेवढ्यासाठी मी पैसे खर्च केले नसते.

मात्र हेच जहाज चुकीचे निवडले, तर म्हाताऱ्या माणसाला तीन दिवस खोलीत कोंडून घातल्यासारखे होते. म्हणून ठरवायची सुरुवात गुडघ्यांपासून करावी.

आपण बेळगावकर समुद्रापासून तसे दूर, तरी अगदीच परके नाही. रेल्वे येण्याआधी इथला माल वेंगुर्ले बंदरातून जायचा आणि यायचा. पुढे कॅसलरॉकवरून मुरगावपर्यंत रूळ पडले आणि वेंगुर्ल्याचे महत्त्व ओसरले. मुंबई-गोवा बोट कोकणातली बंदरे घेत चालायची, ती आठवणारी माणसे अजून घरोघरी आहेत. अलीकडे, २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रीया’ नावाचे जहाज मुंबई-गोवा मार्गावर आले आणि पुढे बंद पडले. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ मुंबईहून फेऱ्या करू लागले. हे जहाज मूळचे फ्रान्समध्ये बांधलेले, १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने पाण्यात उतरलेले. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांच्या लग्नाच्या आधीचे! जहाजाचे वय ऐकून घाबरायचे कारण नाही, जहाजांची ठराविक मुदतीने तपासणी होत असते. पण वयाचा संबंध खोलीच्या आकाराशी असतो. जुन्या जहाजांत खोल्या लहान, बाल्कन्या कमी.

आणि लांबीचा संबंध गुडघ्यांशी. एम्प्रेस सुमारे २११ मीटर लांब आहे. सिंगापूरच्या फेऱ्यांमुळे आपल्याकडे नाव झालेले ‘जेंटिंग ड्रीम’ ३३५ मीटर. अमेरिकेत २०२४ साली फिरू लागलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ तर ३६५ मीटर. जाहिरातीत जितके मोठे जहाज, तितकी मोठी मजा असे चित्र असते. आता विचार करा, तुमची खोली पुढच्या टोकाला आणि जेवणघर मागच्या टोकाला असेल, तर नाश्ता, जेवण, चहा, रात्रीचे जेवण अशा चार फेऱ्यांत दिवसाला अडीच किलोमीटर चाल होते. तीही गालिचा घातलेल्या, किंचित हलणाऱ्या बोळातून. तरुणांना ठीक आहे. आईसारख्या बाईला लहान जहाजच बरे.

खोली निवडताना साधारण चार प्रकार समोर येतात. आतली बिनखिडकीची, समुद्राकडे बंद काच असलेली, बाल्कनीची, आणि मग ऐसपैस दालनांचे महागडे प्रकार. बिनखिडकीची सर्वांत स्वस्त. रात्री झोपण्यापुरती खोली वापरणाऱ्यांना ती पुरते, आमच्या मुलांनी तर दिवे घालवून दुपारचे बारापर्यंत झोपा काढल्या. पण जे माणूस दिवसातून दोनदा आडवे होणार, त्याच्यासाठी खिडकी असावी. दिवस आहे की रात्र हे न कळणाऱ्या खोलीत वयस्कर माणसांना गोंधळल्यासारखे होते. आम्ही दोघी विहिणींना मिळून एक खिडकीची खोली घेतली आणि आम्ही चौघे आतल्या खोलीत राहिलो. चौघांच्या खोलीत दोन पलंग खाली आणि दोन भिंतीतून उघडणारे वर असतात. वर चढायला शिडी असते. म्हाताऱ्या माणसाला ‘चौथे तिकीट स्वस्त पडते’ म्हणून अशा खोलीत घालू नये, कारण खालचा पलंग मिळाला तरी मधे हलायला जागा राहत नाही.

खोलीची जागा किमतीपेक्षा महत्त्वाची. मधोमध आणि खालच्या मजल्यावर जहाज कमी हलते. चोर्ला घाटात एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्याचे जे होते आणि मधल्या बाकावरच्याचे होत नाही, तोच हिशेब. लिफ्टपासून जवळ असावी, पण लिफ्टला चिकटून नको, रात्री दोनपर्यंत वर्दळ असते. खोलीच्या वर काय आहे हेही नकाशात पाहावे. वर नाचघर असेल, तर पहाटेपर्यंत छत धडधडते. बाथरूम फार लहान असते आणि पुष्कळदा दाराशी बोटभर नाही, चांगला वीतभर उंबरठा असतो. तो किती उंच आहे आणि धरायला आडवा दांडा आहे का, हे आधी विचारा. व्हीलचेअर आत जाईल अशा खोल्या मोजक्या असतात आणि त्या लवकर संपतात.

आता पैसे. जाहिरातीतला आकडा बहुधा माणशी असतो आणि एका खोलीत दोघे राहणार असे धरून असतो. एकटे माणूस गेले, तर जवळपास दोघांचे भाडे पडते. त्या आकड्यावर बंदराचे शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांसाठीचे सेवाशुल्क चढते. म्हणून एजंटाला “किती पासून सुरू?” असे विचारू नका. “सहा जणांचे सगळे धरून शेवटी किती भरायचे?” असे विचारा आणि तो आकडा लिहून घ्या. रद्द केले तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत मिळणार, हेही त्याच कागदावर. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असताना ही ओळ भाड्याच्या आकड्याइतकीच महत्त्वाची असते.

आतमध्ये रोख पैसे चालत नाहीत. चढताना एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. नाश्ता, दोन्ही जेवणे, बहुतेक कार्यक्रम भाड्यात असतात. काही खास उपाहारगृहे, दारू, इंटरनेट, मसाज आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे वेगळे. शीतपेयांचेही बऱ्याच जहाजांवर वेगळे, आणि मुलांना हे सांगावे लागते, नाहीतर कार्ड दाखवले की थंड बाटली मिळते हा शोध ती पहिल्याच संध्याकाळी लावतात. फोटोग्राफर पावलोपावली फोटो काढतो. काढू द्या, घेतला तरच पैसे द्यायचे असतात. रोज रात्री स्वागतकक्षात खर्चाची यादी पाहून घ्यावी, शेवटच्या सकाळी तिथे रांग असते.

फेरी निवडताना ‘दोन रात्री, तीन दिवस’ या शब्दांवर जाऊ नका. पहिला दिवस चढण्यात अर्धा जातो आणि शेवटचा उतरण्यात. काही फेऱ्या कुठल्याच बंदराला लागत नाहीत, समुद्रात जाऊन परत येतात. विश्रांतीच हवी असेल तर त्या वाईट नाहीत, पण माहीत असलेले बरे. मुंबई-गोवा-मुंबई फेरीबद्दल आपल्या भागातली माणसे हसतात. गोवा आपल्याला चोर्ल्यावरून तीन तासांवर, मग मुंबईला जाऊन तिथून गोव्याला का यायचे? माझे उत्तर असे, की जहाज गोव्याला लागेल त्या दिवशी उतरूच नका! मुंबई-पुण्याची मंडळी बाहेर पडतात आणि सबंध जहाज रिकामे होते. तलावाकाठच्या खुर्च्या मोकळ्या, लिफ्टला गर्दी नाही, जेवणघरात हव्या त्या टेबलाशी बसा. आपल्यासारख्यांना मिळणारा हा एकमेव फायदा आहे, तो सोडू नये. काही फेऱ्यांत मुरगाव बंदरातून चढता किंवा उतरता येते. तशी फेरी मिळाली, तर मुंबईचा पाचशे किलोमीटरचा एक प्रवास वाचतो. मिळते का ते बुकिंग करण्याआधी विचारा, वेळापत्रक दर मोसमात बदलते.

मोसमाचे सांगायला हवे. पश्चिम किनाऱ्यावर क्रूझचे दिवस ऑक्टोबर ते मे. नारळी पौर्णिमेपर्यंत आपले कोळी समुद्रात का जात नाहीत, ते कारण मोठ्या जहाजांनाही लागू आहे. २०२२ आणि २०२३ च्या पावसाळ्यात मुंबईचे जहाज चेन्नईला जाऊन तिकडून फेऱ्या करत होते. समुद्र त्यातल्या त्यात शांत हवा असेल, तर डिसेंबर ते मार्च. परीक्षा संपल्यावर मेमध्ये जाणाऱ्यांनी उकाडा आणि मुलांची गर्दी दोन्ही गृहीत धरावे.

परदेशातून, म्हणजे आपल्याकडचे लोक बहुधा सिंगापूरहून जातात, तिथे एक गोष्ट फार महत्त्वाची. जहाज मलेशियाला जाऊन परत सिंगापुरातच येते, म्हणजे सिंगापुरात तुम्ही दोनदा प्रवेश करता. त्यामुळे व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना, हे कागद हातात आल्याबरोबर पाहावे. मलेशियाने २०२३ च्या डिसेंबरपासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली, पण अशा सवलतींना मुदत असते, निघण्याआधी खात्री करा. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. सिंगापुरात क्रूझची दोन स्थानके आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसते ‘क्रूझ’ म्हटले, तर तो भलतीकडे नेऊ शकतो. देशातल्या फेरीला आधार किंवा मतदार ओळखपत्र, तेही मूळ प्रत. लक्षद्वीपला जायला आपल्याच देशात प्रवेशपरवाना लागतो. तो बहुधा जहाज कंपनी काढते, मात्र त्यासाठी कागद बरेच आधी मागते. नाव आधारवर एक आणि तिकिटावर दुसरे असा घोळ आपल्या सीमाभागात फार! मराठीत कुलकर्णी, कन्नडात कुळकर्णी, इंग्रजीत तिसरेच स्पेलिंग, वडिलांचे नाव कधी मधे, कधी पुढे. तिकीट काढताना आधारकार्ड समोर ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवावे.

आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. सुटण्याच्या काही तास आधीच चढण्याचे दार बंद होते. बेळगावहून रात्रीची बस किंवा गाडी पकडून त्याच सकाळी बॅलार्ड पियरला पोचू, हा हिशेब कागदावर जमतो. पण घाटात एक ट्रक आडवा झाला, की सहा जणांचे पैसे पाण्यात, आणि आपण किनाऱ्यावर. आदल्या दिवशी पोचा, नातेवाइकांकडे राहा. मुंबईत नातेवाईक नसलेले बेळगावकर कुटुंब मी अजून पाहिलेले नाही.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीत यायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून हातातल्या पिशवीत सगळ्यांच्या सगळ्या दिवसांच्या गोळ्या, एक कपड्यांचा जोड, चष्मे आणि कागदपत्रे ठेवावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते मोठ्या बॅगेत कधीच घालू नये, डॉक्टरांची चिठ्ठीही जवळ असावी. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी भरावी लागते आणि ती आपल्या गल्लीतल्या दवाखान्यासारखी नसते. इस्त्री, पाणी तापवायची किटली असल्या वस्तू आगीच्या भीतीने काढून घेतात. बाहेरचे खाणेही बहुतेक जहाजांवर चालत नाही. आमच्या दोघींच्या बॅगांत मिळून शेंगाचटणीच्या दोन पुड्या आणि कुंद्याचा एक डबा आहे हे मला आदल्या रात्री कळले. त्यावर मुंबईच्या भाचीने कृतार्थ होऊन ताव मारला.

जेवणाची काळजी करू नका. मुंबईच्या फेऱ्यांत शाकाहारी आणि जैन जेवण वेगळे असते, सिंगापूरच्या जहाजांवरही भारतीय शाकाहारी मिळते. फक्त वेळा पाळाव्या लागतात. मधुमेह्यांच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून राहावे लागते, कारण दिवसभर कुठे ना कुठे गोड मांडलेले असते आणि ‘पैसे भरलेच आहेत’ ही भावना फार घातक. सासूबाईंची आणि माझी या एका विषयावर रोज कन्नडात बोलाचाली व्हायची. मुले तेवढ्या वेळात खीर संपवायची.

उलट्यांचे उत्तर असे. मोठ्या जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंखासारख्या फळ्या असतात, त्यामुळे ते बाजूला फारसे कलत नाही. बऱ्याच लोकांना काही होत नाही. होते ते का, तर कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते ‘हलतोय’ आणि खोलीतल्या भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात ‘स्थिर आहोत’. म्हणून मळमळले की खोलीत जाऊन पडायचे नाही, उघड्यावर येऊन दूर क्षितिजाकडे पाहायचे. मोबाइल आणि पुस्तक बंद. पोट रिकामे ठेवू नये आणि तडस लागेपर्यंत भरूही नये. आलेपाक बरा पडतो. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, तास-दोन तास आधी. पण आपण घाटात सर्रास घेतो त्या प्रोमेथॅझिनच्या गोळीने गुंगी येते. ज्यांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि रात्री बाथरूमला उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती दिली, तर उंबरठ्याशी कुणीतरी जागे असावे.

जहाज किनारा सोडते तसे मोबाइलचे जाळे जाते. त्यानंतर फोनवर कधी कधी समुद्रातले वेगळेच नेटवर्क दिसू लागते. ते उपग्रहावरून चालते आणि त्याचे दर ऐकून दातखीळ बसेल. चढल्याबरोबर सगळ्यांचे फोन विमानाच्या मोडवर टाका, विशेषतः आज्यांचे, कारण त्या “हलो, ऐकू येत नाही” म्हणत दहा मिनिटे चालू ठेवतात. फोन नाही म्हटल्यावर भेटायची एक जागा आणि वेळा ठरवून ठेवाव्या लागतात. आम्ही पाचव्या मजल्यावरच्या जिन्याशी दर दोन तासांनी भेटायचो. मुलांना ही गोष्ट फार गमतीची वाटली.

आता गुडघ्यांच्या बाबतीतला सगळ्यांत मोठा प्रश्न. जहाज धक्क्याला लागते, की बाहेर समुद्रात नांगर टाकते? माहितीपत्रकात ही ओळ ठळक छापलेली नसते. मुंबई आणि मुरगावला जहाज धक्क्याला लागते, उतरायला फळी असते, व्हीलचेअर जाते. लक्षद्वीपची बेटे प्रवाळाची, भोवती उथळ पाणी, त्यामुळे मोठे जहाज बाहेरच उभे राहते आणि लहान होडीत उतरून किनाऱ्यावर जावे लागते. होडी लाटेबरोबर हात-दीड हात वर-खाली होत असते. समुद्र खवळलेला असेल, तर ही उतराई रद्दही होते आणि त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नसतो. आम्हाला हे आधी माहीत होते. दोघी जहाजावर थांबतील, आम्ही मुलांना घेऊन जाऊन येऊ, असे घरीच ठरले होते.

उतरायच्या दारापर्यंत दोघी बघायला म्हणून आल्या. सासूबाईंनी एकदा खाली पाहिले. “एष्ट नीर ऐती!” म्हणाल्या, आणि लगेच, “नन्ग ब्याडवा, ना इल्ले कूडतीनि.” आई मात्र काही बोलेना. तिचे माहेर वेंगुर्ले. लहानपणी मुंबईची बोट बाहेर उभी राहायची आणि माणसे पडावातून तिच्यापर्यंत जायची, हे तिने आम्हाला कधीतरी सांगितले होते, आम्ही ते कथेसारखे ऐकून सोडून दिले होते. ती कठड्याला धरून चांगली दहा मिनिटे त्या होडीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, “अगं, हा तर पडाव. मी जाते.”

मी नको म्हटले, आमच्या ह्यांनी नको म्हटले. दाराशी उभा असलेला खलाशी गोव्याचा होता. गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात आणि कित्येक घरांत तो पिढीजात व्यवसाय आहे. तो म्हणाला, “मांय, सवकास.” आई त्याला म्हणाली, “माका शिकवू नको, मी वेंगुर्ल्याची!” लाट खाली गेली, आई थांबली. वर आली, पुन्हा थांबली. तिसऱ्या लाटेला होडी बरोबरीला आली आणि तिने पाय टाकला. दोन्ही कोपरांना दोन खलाशी होतेच. माझ्या घशाला मात्र कोरड पडली होती. होडीत बसल्यावर तिने मला सांगितले, होडी वर येताना पाय टाकायचा, खाली जाताना टाकला तर गुडघा जातो. ही सूचना पुढे मला जहाजाच्या पत्रकातही सापडली, आईच्या शब्दांत नव्हे, पण अर्थ तोच.

तरीही मी वाचकांना सांगेन, की ज्यांची माहेरे वेंगुर्ल्याची नाहीत त्यांनी हे करू नये. वयस्कर माणूस बरोबर असेल, तर धक्क्याला लागणारीच फेरी निवडा. होडीची फेरी घेतली, तर जहाजावर त्यांच्यासोबत थांबणारे एक माणूस आधीच ठरवा. सासूबाईंसोबत त्या दिवशी आमची मोठी मुलगी थांबली. दोघींनी तीन तास डेकवर कॉफी पीत कुणाकुणाबद्दल गप्पा मारल्या, ते मला अजून कळलेले नाही.

एक गोष्ट टाळू नका, ती म्हणजे चढल्यानंतरचा सुरक्षेचा सराव. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा संकटाचा इशारा. तो झाल्यावर आपल्या कार्डावर लिहिलेल्या जागी जमायचे असते, आणि जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे ते तिथे दाखवतात. लोक कंटाळतात, फोटो काढत बसतात. इटलीच्या जिलिओ बेटाजवळ १३ जानेवारी २०१२ ला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकाला धडकले आणि ३२ माणसे गेली. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचाच होता, कारण तेव्हा तो चोवीस तासांत घेतला तरी चालत असे. २०१५ पासून तो जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावा लागतो. आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. आईच्या पिढीतल्या कोकणच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. सरावाला ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली होती. म्हाताऱ्या माणसांची खोली ते जमण्याचे ठिकाण हा रस्ता एकदा लिफ्टशिवाय चालून पाहा, कारण खऱ्या संकटात लिफ्ट बंद असते. किती पायऱ्या आहेत ते मोजा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. त्यात सकाळचे कपडे, दात आणि चष्मा जाऊ देऊ नका, आमच्या शेजारच्या खोलीतल्या एका काकांनी नाइटड्रेसवर मुंबईचा धक्का गाठला. उतरायला घाई करू नये. पहिल्या गर्दीत व्हीलचेअर मिळत नाही, अर्ध्या तासाने मिळते. आणि परतीची गाडी दुपारनंतरची ठेवा. घरी आल्यावर अंथरुणाला पाठ टेकली, की पलंग हलल्यासारखा वाटतो, त्याला घाबरू नका. बहुतेकांचे ते एक-दोन दिवसांत जाते. तेवढे दिवस आजीला जिन्यावरून एकटीला उतरू देऊ नका, आणि कठडा धरायला सांगा.